दहाव्याचा शब्द

माझ्या वडिलांना शब्द मिळाला नाही, आणि त्याचं कारण मी आहे. हे आधीच सांगून टाकतो. उतेकर सरांबद्दल लिहायला बसलो की मन त्यांच्या गमतीजमतींकडे पळतं आणि स्वतःची चूक शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकायला बघतं. माझा धंदा ऑडिटरचा आहे. असल्या बारीक अक्षरातल्या टिपा मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताळेबंदांत पकडत आलो. निदान माझी तरी पहिल्या ओळीत असू दे.

‘शब्द मिळाला नाही’ म्हणजे काय, हे महाड-पोलादपूरबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी सावित्री नदीच्या काठी विधी होतो, पिंडाला कावळा शिवतो आणि मग भाषणं होतात. गेलेला माणूस कितीही भांडखोर असो, दहाव्याला तो मनमिळाऊ होतो. त्याच्या जाण्यानं कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण होते. आमच्या तालुक्यांत आजवर इतक्या पोकळ्या निर्माण झाल्यात की कशेडी घाटाला बोगदा वेगळा खणायची गरज नव्हती.

सरपंच, सभापती, पतसंस्थेचे चेअरमन असे सगळे बोलून झाले की शेवटी उतेकर सर उठायचे. काळा कोट, पांढरी पँट, पायांत रबरी चपला. ते माइकसमोर जाऊन गेलेल्या माणसाला एक इंग्रजी शब्द द्यायचे. साधासुधा नाही. आपण कोणी जन्मात ऐकला नसेल असा. शब्द तीनदा उच्चारायचे, दुसऱ्यांदा जरा सावकाश. मग अर्थ सांगायचे, मग तो शब्द मूळचा कुठला ते सांगायचे, आणि ‘हा शब्द मी कैलासवासी अमुक अमुक यांच्या नावे करतो’ असं म्हणून खाली उतरायचे. जमीन नावावर करावी तसं. लोक हात जोडायचे. मग चहा.

सर पोलादपूरकडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. घर नाते गावात. तिथून रोज दुपारच्या एसटीनं महाडला यायचे. एसटीत शेजारी कोणी अनोळखी बसला की पहिला प्रश्न, ‘गाव कुठलं?’ हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. सर तो शब्दांनाही विचारायचे. त्यांच्या दृष्टीनं डिक्शनरीत राहणारा प्रत्येक शब्द कुठून तरी पोटासाठी आलेला होता. ‘हा मूळचा लॅटिनकडचा. फ्रान्सात चाकरीला राहिला, तिथून इंग्लंडला गेला. वाटेत एक अक्षर गळलं. चालायचंच. आपला काशिनाथ मुंबईहून केसी होऊन आला, त्याला आपण काय बोललो?’ ज्या शब्दाचं मूळ माहीत नाही असं डिक्शनरीत छापलेलं असे, त्याच्याकडे ते संशयानं बघत. ‘घरचं काही सांगत नाही लेकाचा. असल्याला दहाव्याला न्यायचा नाही.’

कोटाला डांबरगोळ्यांचा वास यायचा. तोच कोट लग्नाला आणि तोच दहाव्याला. त्यामुळे लग्नात सर शेजारी येऊन बसले की माणसं उगाच गंभीर व्हायची.

ही प्रथा सुरू कशी झाली, ते मला पाठ आहे. बाजारात बापू म्हणून पेपरवाला होता. स्वतः पेपर विकायचा आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, ‘काय, नवीन काय?’ तो गेला. त्याच्या दहाव्याला दोन पुढारी नेहमीची पोकळी निर्माण करून बसले, आणि अचानक सर उठले. म्हणाले, ‘बापूसारख्या माणसासाठी इंग्रजीत एक शब्द आहे. क्विडनंक.’ एका पुढाऱ्यानं मोबाईल खिशात घातला. ‘मूळ लॅटिन. क्विड म्हणजे काय, नंक म्हणजे आत्ता. आत्ता काय? नवीन काय? दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा बापू होताच, फक्त लॅटिन बोलत होता.’

बापूच्या बायकोनं पदरानं डोळे पुसत विचारलं, ‘चांगला हाय ना वो शब्द?’

त्या शब्दाचा खरा अर्थ चांभारचौकशा करणारा, असा आहे. सर म्हणाले, ‘लॅटिन आहे, वहिनी.’

तिचं समाधान झालं. बापूच्या फोटोखाली तो शब्द आजही रंगवलेला आहे.

त्यानंतर जो तो मागायला लागला. शब्दाशिवाय दहावं म्हणजे तुपाशिवाय वरण-भात. श्रद्धांजलीचे फ्लेक्स छापणारा नित्या सरांना आदल्या रात्रीच फोन करायचा, ‘सर, स्पेलिंग टाका ना, मशीन थांबवून ठेवलंय.’ बायकांच्या भजनी मंडळात नवऱ्यांचे शब्द सांगितले जाऊ लागले. ‘आमचे हे मॅग्नॅनिमस होते,’ म्हणजे मोठ्या मनाचे, असं पाटणकरकाकू सांगायच्या, जसे काही काका त्या नावाच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. शब्द जितका लांब तितका मान मोठा, हे कोणी न ठरवताच ठरलं. एका पतसंस्थेच्या चेअरमनचे चिरंजीव सरांकडे गेले आणि म्हणाले, ‘सर, अण्णांना जरा लांबलचक बघा. त्यांच्या हाताखालच्या मॅनेजरला भला मोठा मिळाला होता. चारचौघांत बरं दिसत नाही.’

सर मापात फसायचे नाहीत, हे त्यांचं वैशिष्ट्य. मोठ्या माणसाला आखूड शब्द देत आणि कोणाच्या तरी सासूला मैलभर लांब. साळव्यांच्या म्हातारीला त्यांनी ‘इंडिफॅटिगेबल’ दिला. म्हणजे कशानंही न थकणारी. काठावर बसलेल्या सगळ्यांत फक्त तिच्या सुनेनं जोरजोरानं मान डोलावली.

मग महापूर आला. बाजारात पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. सरांची जाडजूड डिक्शनरी बाजारातल्या बाबांच्या दुकानातच असायची, कारण ती नातेपर्यंत रोज कोण वाहणार? पाणी उतरल्यावर ती चिखलातून निघाली. बाबांनी आणि सरांनी पत्र्यावर ती उन्हात वाळवली. बाकी पानं सुटी झाली, पण ‘एम’पासून ‘पी’पर्यंतचा मधला गठ्ठा विटेसारखा घट्ट चिकटला तो चिकटलाच. परिणाम असा झाला की महापुरानंतर महाड-पोलादपुरात जो कोणी गेला, त्याला ‘एम’च्या अलीकडचा किंवा ‘पी’च्या पलीकडचाच शब्द मिळाला. पाटणकरकाकूंचा भाव एकदम वाढला. मॅग्नॅनिमस आता पुन्हा निघणार नव्हता.

सरांना कोणी म्हणालं, ‘अहो, मोबाईलमध्ये सगळी डिक्शनरी असते.’ तर ते म्हणाले, ‘मोबाईल शब्द लगेच देतो. शोधताना आजूबाजूचे चार शेजारी भेटतात, ते कोण देणार?’

पोलादपूरच्या खोऱ्यातली एक गोष्ट सांगतो. दोन चुलतभाऊ एका पाटाच्या पाण्यावरून अनेक वर्षं भांडत होते. थोरला गेला. सरांनी दहाव्याला शब्द दिला, ‘रायव्हल’. एवढं इंग्रजी धाकट्याला टीव्हीवरच्या क्रिकेटमुळे येत होतं. तो ताडकन उठला. ‘मास्तर, मेल्यावर पन भांडान लावताव काय?’

‘बस रे खाली,’ सर म्हणाले. ‘मूळ ऐक आधी. लॅटिनमध्ये रायव्हस म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी पितात ते रायव्हल. शेजारी होते म्हणून भांडले. परक्याशी कोण भांडतं?’

धाकटा बसला. डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, आता मिटलं. पण त्याचा वकील काठावरच उभा होता. त्यानं हे भाषण मोबाईलवर घेतलं आणि महाडच्या कोर्टात अर्ज दिला की, पाट सामायिक असल्याचं मयताच्या बाजूच्या विद्वान वक्त्यानं जाहीरपणे कबूल केलं आहे. सरांना साक्षीला बोलावलं. कोट घालून गेले. लॅटिन ते इंग्रजी सगळा प्रवास सांगितला. न्यायाधीशांनी तो अत्यंत शांतपणे ऐकून घेतला आणि पुढची तारीख दिली. सर बाहेर येऊन म्हणाले, ‘फार चांगला माणूस. मध्ये एकदाही बोलला नाही.’

जिवंत माणसंही मागायला यायची. आमच्याकडचे एक पुढारी, त्यांना सगळे नानासाहेब म्हणतात, दुकानात येऊन सरांना म्हणाले, ‘सर, आमच्यासाठी एखादा भारी शब्द राखून ठेवा. ऐन वेळी धावपळ नको.’

सर म्हणाले, ‘शब्द तयार आहे, नानासाहेब. तुमचीच तयारी दिसत नाही.’

नानासाहेब मोठ्यानं हसले. घरी गेल्यावर हसायचे थांबले, असं त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. पुढच्या निवडणुकीला त्यांनी सरांना प्रचारसभेत बोलायला लावलं, आणि सरांनी ‘कँडिडेट’ या शब्दाचं मूळ सांगितलं. कँडिडस म्हणजे पांढराशुभ्र. रोममध्ये उमेदवार पांढरी वस्त्रं घालून मतं मागत. टाळ्या पडल्या. नानासाहेबांनी इस्त्रीच्या सदऱ्यावरून हात फिरवला. मग सर म्हणाले, ‘वस्त्रं मुळात तेवढी पांढरी नसत. वरून खडू चोळायचे.’ त्यानंतर त्यांना सभांना बोलावणं बंद झालं. दहाव्याला मात्र बोलावल्याशिवाय इलाज नव्हता.

आता आमचं दुकान. बाजारपेठेत बाबांचं कोयते, कुदळी, घमेली, दोर असल्या मालाचं दुकान होतं. बाबांना लोक दत्तूशेठ म्हणायचे. शिक्षण जेमतेम, इंग्रजी शून्य. सर दुपारी एसटीतून उतरले की थेट दुकानात यायचे, एक घमेलं उलटं घालून त्यावर बसायचे आणि बोलायला लागायचे. शब्द, अर्थ, मूळ, मुळाचं मूळ. बाबा खिळे तोलत असत, दोर मापत असत. मध्येच ‘हं’ म्हणत. मी सुट्टीच्या दिवशी दुकानात डोकावलो की मला बाबांची कीव यायची. बिचारे सापडले तावडीत, असं वाटायचं. एकदा तर बाबा सरांना म्हणताना ऐकलं, ‘हा घट्ट होतोय. दुसरा बघा.’ मला वाटलं, सर कोयत्याला मूठ बसवून घ्यायला आलेत.

मी तोवर बऱ्यापैकी ऑडिटर झालो होतो. महाडला माझं ऑफिस, बाहेर पितळी पाटी. मुंबईच्या एका मोठ्या फर्मशी बोलणी चालू होती. ती जमली असती तर त्यांची महाड शाखा म्हणून माझं नाव लागणार होतं. आणि नेमके तेव्हाच बाबा गेले. दुकानात बसल्या बसल्या, एका गिऱ्हाइकाचं ऐकत असताना. गिऱ्हाइकाला बराच वेळ कळलंच नाही. त्याचं बोलणं चालूच होतं.

दहाव्याला मुंबईहून फर्मची माणसं आली. चकचकीत गाडी, बूट, गॉगल. मी त्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. सगळा वेळ माझं लक्ष पिंडाकडे कमी आणि त्यांच्या बुटांना चिखल लागतो का याकडे जास्त होतं. कावळा लवकर शिवला. बाबांनी तिथेही कोणाला ताटकळत ठेवलं नाही. भाषणं झाली. पोकळी निर्माण झाली. आणि उतेकर सर उठले.

सरांचे उच्चार पोलादपूरचे होते. रबरी चपलांना गाळ लागला होता. मला समोर दिसायला लागलं की सर आता माइकवर काहीतरी लॅटिन बोलणार, शब्द तीनदा म्हणणार, आणि मुंबईची माणसं गाडीत बसल्यावर खिडक्या लावून हसणार. मी पुढे गेलो. माइक आणि सर यांच्या मध्ये उभा राहिलो. हळू बोललो असं मला वाटलं होतं, पण माइक चालू होता.

‘सर, आज नको. मुंबईची माणसं आली आहेत.’

सगळ्या काठानं ऐकलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलेल्या मुलाकडे बघावं तसं, म्हणजे आता हा स्वतः पुसेल याची वाट बघत. मी पुसलं नाही. ते म्हणाले, ‘बरं.’ चहा न घेता पायऱ्या चढून गेले. मुंबईच्या माणसांपैकी एकानं विचारलं, ‘कोण होते?’ मी म्हणालो, ‘असेच, गावातले एक.’

फर्मची बोलणी पुढे बारगळली. ती जमली असती तरी मी हे लिहिलं असतं, असं मी स्वतःला सांगत असतो.

त्या दिवसापासून सरांनी शब्द देणं बंद केलं. दुकान बंद झालं होतं, तेव्हा महाडलाही फारसे येईनात. आणि आमच्या दोन्ही तालुक्यांतली माणसं बिनशब्दाची जायला लागली. सुरुवातीला मला ते जाणवलं नाही. मग एकदा एक जुने अशील हिशेबाची पिशवी परत न्यायला आले. म्हणाले, ‘तुमच्यामुळे आमच्या आईला शब्द मिळाला नाही, विनायकराव. बाई बारा गावांत मानाची होती. तुमच्याकडे ऑडिट आता नको.’ फ्लेक्सवाल्या नित्यानं मोबाईलवरून स्वतःच शब्द द्यायचा प्रयत्न केला. त्याला मोबाईल प्रत्येक वेळी ‘लीजंड’ हाच शब्द द्यायचा. लागोपाठ सगळे लीजंड झाले. त्यात एक जण असा होता की तो कुठे राहायचा हे शेजाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं.

पण खरा त्रास घरात होता. आईला शब्द हवा होता. आई मूळची पोलादपूरकडची, बोलायला सरळ. ‘पाटणकरणीच्या माणसाला मॅग्नॅनिमस. पेपरवाल्या बापूला पन मिळाला. आपल्या माणसाला काय, घमेलं?’

मी माझ्या परीनं शोधलं. एक दिवस म्हणालो, ‘आई, बेनेव्होलंट कसा वाटतो? म्हणजे परोपकारी.’

‘तू दिलेला नको. घरच्यानं दिलेला शब्द म्हंजे घरच्यानंच काढलेला फोटो. मास्तरांकडं जा.’

‘जाऊन काय बोलू?’

‘चुकलं म्हन. त्याला काय इंग्रजी लागतं?’

मी गेलो नाही. मी त्याऐवजी सत्कार ठरवला. आमच्याकडे हे असंच करतात. माफी मागायची वेळ आली की माणसं हॉल बुक करतात. मी शाल आणली, श्रीफळ आणलं, नानासाहेबांना अध्यक्ष केलं, नित्याकडून ‘शब्दमहर्षी’ असा फ्लेक्स करून घेतला. गाव लोटलं. सर आले. तोच कोट. नानासाहेबांनी सरांच्या कार्याचा इतका गौरव केला की सर हयात आहेत याचा काहींना विसर पडला. मी प्रास्ताविक केलं. त्यात ‘सरांच्या ऋणातून’, ‘अल्पसा प्रयत्न’ असं सगळं होतं. ‘माझं चुकलं’ तेवढं नव्हतं. मग सरांना बोलायला उभं केलं. आज शब्द निघणार, असं सगळ्यांना वाटत होतं. पुढच्या रांगेत आई होती.

सर माइकपाशी गेले. म्हणाले, ‘मी आपला आभारी आहे,’ आणि जाऊन बसले. शुद्ध मराठीत.

आई घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, ‘शालीनं तोंड झाकता येतं व्हय रे?’

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा आई स्वतःच उठली. ‘तू येतोस का मी एसटीनं जाऊ?’ मी गाडी काढली. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. परिस्थितीच तशी होती, सर. माझ्या मनात तसं नव्हतं, सर. प्रत्येक वाक्यात मी होतो, पण माझी चूक नव्हती.

सर पडवीत बसले होते. समोर ती डिक्शनरी, हातात जेवणाच्या टेबलावरची बोथट सुरी, शेजारी वाफाळणारं पातेलं. चिकटलेला गठ्ठा वाफेवर धरून एकेक पान सोडवत होते. बरेच हडकले होते.

‘या वहिनी. विनू, बस. एन सुटला बघ बराचसा. एम मात्र हट्टी आहे.’

मी जुळवलेलं वाक्य सुरू केलं. ‘सर, त्या दिवशी परिस्थितीच अशी होती की...’

सरांनी सुरी वर केली. ‘बोलायला आलास की ऐकायला?’

आई म्हणाली, ‘ऐकायला. गप बस रे.’

‘गावाला वाटतं, विनूनं अपमान केला म्हणून मास्तर रुसला,’ सर म्हणाले. ‘तुलाही तसंच वाटत असणार. एवढा मोठा समजू नकोस स्वतःला. अपमान झाला, तो झालाच. पण मी थांबलो ते वेगळ्यासाठी. तुला माहितीये, एकेका मयतासाठी मी किती शब्द काढायचो? चारपाच तरी. ते सगळे दुपारी दत्तूशेठला ऐकवायचो. मूळ, अर्थ, सगळं. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता, पण माणसं माहीत होती. प्रत्येकाला कोयता विकलेला त्यानं. तो ऐकायचा आणि म्हणायचा, हा सैल होतोय. हा घट्ट होतोय. आणि एखाद्या शब्दाला म्हणायचा, हां, हा बसला. तोच मी दहाव्याला द्यायचो. माझा निवडलेला एकही नव्हता. आता कोणाला ऐकवू? भिंतीला?’

मी खाली बघत होतो. इतकी वर्षं दुकानाच्या दारातून मी जे बघत आलो होतो, ते चुकीच्या खात्यात घातलं होतं.

‘एकच शब्द असा होता की जो मी त्याला न विचारता काढला. त्याचा त्यालाच कसा विचारणार?’

‘कुठला वो?’ आई पुढे सरकली.

सरांनी सुरी खाली ठेवली. कोट अंगात नव्हता, तरी बटण लावल्यासारखा हात छातीवर फिरवला. तीनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा सावकाश.

‘ऑडिटर. ऑडिटर. ऑडिटर.’

आईचा चेहरा पडला. ‘एवढाच? ऑडिटर तर हा पन हाय. पाटी लावलीय दारावर.’

‘वहिनी, मूळ ऐका. लॅटिनकडचा आहे. आउडिरे म्हणजे ऐकणे. ऑडिटर म्हणजे ऐकणारा, बस्स. आकडे नंतर चिकटले त्याला. पूर्वी हिशेब कागदावर तपासत नसत. ज्याचा हिशेब, त्यानं समोर उभं राहून मोठ्यानं वाचायचा. आणि एक माणूस नुसता ऐकत बसायचा. खोटं असेल तिथे वाचणाऱ्याचाच आवाज अडखळायचा. त्या ऐकणाऱ्याला म्हणायचे ऑडिटर. त्या दिवशी मी एवढंच सांगणार होतो की महाडात ऑडिटर पुष्कळ आहेत, पण मूळचा हा एकच होता.’

पातेल्यातलं पाणी रटरटत होतं. आई म्हणाली, ‘ऐकायचे खरे. माझं सोडून सगळ्या गावाचं.’ आणि डोळ्यांना पदर लावून हसली. ‘चालंल. बसला शब्द. फोटोखाली घालते.’

उतेकर सर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. त्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो. सगळे बोलले, आणि शेवटी माइक रिकामा राहिला. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शब्द द्यायचा धीर कोणालाच झाला नाही, नित्यालासुद्धा. पण मला सर आठवतात ते त्या पडवीतले, कारण तिथून आईबरोबर निघताना मी चप्पल घातली, पुन्हा काढली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

‘सर, माझं चुकलं.’

सरांनी कानामागे हात धरला. ‘मोठ्यानं. हल्ली कमी येतं ऐकू.’

‘सर, माझं चुकलं!’

अंगणातल्या कोंबड्या बाजूला पळाल्या. शेजारच्या घरातून एक बाई दारात आली. ‘काय झालं वो सर? कोन वरडतंय?’

‘काही नाही गो,’ सर म्हणाले. ‘हा हिशेब वाचून दाखवतोय. मी ऐकतोय.’ आणि डिक्शनरी बाजूला ठेवून, मांडी नीट घालून, माझ्याकडे तोंड करून बसले. ‘हं. वाच पुढे.’

मग मी वाचला. नाते गावच्या त्या पडवीत, आईच्या देखत, शेजारणीच्या देखत, ओरडून. ‘सर, मला तुमच्या चपलांची लाज वाटली. मला बाबांच्या दुकानाची लाज वाटायची. तुम्ही कोण असं मुंबईच्या माणसांनी विचारलं, तेव्हा मी असेच गावातले एक म्हणालो. परिस्थिती वगैरे काही नव्हती. मी ऐकून घेतलं नाही. माझं चुकलं, सर. मला माफ करा.’